अक्काची छाट

"मोड, न्हायतर माघारी दे."

उजवा हात पुढे करून, तळवा वर ठेवून अक्का हे वाक्य म्हणायची. ती जे मागायची ते कुणाच्या तळव्यावर ठेवता येण्यासारखं नव्हतं, हे तिला समजावण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला. सोलापूरचा उन्हाळा. म्हणजे बाकीच्यांच्या दोन उन्हाळ्यांइतका धरा.

मी गाणी रेकॉर्ड करतो. स्टुडिओ म्हणावं इतकं काही ते नाही. घराच्या माडीवरची एक खोली, लॅपटॉप, एक बरा माईक, आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना टांगलेल्या चादरी. वाढदिवसाची गाणी, गणपती मंडळांची गाणी, निवडणुकीत रिक्षावर वाजणारी गाणी, जे येईल ते. गल्लीत यंत्रमाग असल्यामुळे दिवसभर खटखटाट. माग थांबतात ते फक्त दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत. तेवढाच माझा धंद्याचा तास. त्या तासात पंखाही बंद ठेवावा लागतो, कारण माईकला पंखा ऐकू येतो. अशा खोलीत माणसाचा स्वभाव सुधारत नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

अक्का आली ती शेजारच्या लक्ष्मीला घेऊन. दोघी बिड्या वळणाऱ्या. लक्ष्मी तिशीची, अक्का साठीच्या पलीकडची. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या तिने माझ्याकडे बघितलंच नाही. भिंतीकडे बघितलं.

"किनार उलटी लावलीस की रे."

तिचा नवरा हयातभर चादरीच्या कारखान्यात होता. मी म्हणालो, "अक्का, आवाजाला उलटंसुलटं कळत नाही."

"मला कळतंय की," असं म्हणून तिने चादर काढली, सुलटी केली आणि पुन्हा टांगताना खिळा भिंतीतून उपटून माझ्या हातात दिला. ओळख झाली ती अशी. त्या दिवसापासून ती मला तम्मा म्हणायला लागली. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात; सोलापुरात तेलुगू घरांतही चालतं. धाकट्या भावाला जितकं छळता येतं तितकं तिने मला छळलं.

तिचं काम काय ते लक्ष्मीने सांगितलं. अक्का गाणी जुळवायची. त्यांच्या बोळात दहा-बारा बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसत आणि अक्काच्या गाण्यावर सगळ्यांचे हात चालत. चाळीस वर्षं असं चाललं होतं. आता तंबाखूने छाती धरली होती. अर्धं गाणं आणि अर्धा खोकला. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं होतं. "तंबाखू सोडलीय," अक्का म्हणाली, "पान न्हाय सोडलं."

"काय करायचंय रेकॉर्ड?"

"एक गाणं. एकच. त्यात खोकला नको." मग म्हणाली, "आवाज हाय तवर एक तरी नीट करून ठिवायचं. मागनं ह्या पोरींनी लावलं तर त्यात म्हातारी खोकताना ऐकू याया नको."

मी म्हटलं, त्यात काय, दोन दिवसांचं काम. माणसाने तोंड आवरावं ते अशा वेळी.

पहिल्या दिवशी मी तिच्या कानाला हेडफोन लावला आणि तालासाठी टिकटिक सुरू केली.

"टिकटिक कोन करतंय?"

"ताल आहे, अक्का. त्याच्याबरोबर म्हणायचं."

"त्याला सांग गप बस."

त्याला गप बसवलं. तरी गाणं पुढे सरकेना. आवाज अजून गोड होता, पण ओळी कुठेही सुरू होत आणि कुठेही संपत. ती स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघत बसे. दुसऱ्या दिवशी ती सूप, कात्री, दोरा आणि भिजवलेली तेंदूची पानं घेऊन आली. तंबाखू नाही, नुसती पानं. सूप मांडीवर घेऊन तिने पान कापलं, वळलं, आणि गाणं असं काही चालू झालं की मी बघतच राहिलो.

"सूप माझ्या मांडीवर गं, सुपात माझं गाव,
पान वळता वळता बाई, विसरले मी नाव."

एका ओळीत एक बिडी. हा तिचा ताल. माझ्या बऱ्यापैकी महागड्या माईकने तिच्या गळ्याबरोबर पानाची सळसळ, कात्री आणि बांगड्याही मन लावून टिपल्या. मी म्हटलं, अक्का, पानाऐवजी हातात रुमाल घ्या. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली. "रुमालाची बिडी कोन वळतंय?" पानं राहिली. बांगड्या तेवढ्या काढायला ती तयार होईना, म्हणून त्यांना रबर लावलं.

आता खरी गोष्ट सुरू होते. गाणं रेकॉर्ड करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. गायक जितक्या वेळा गाईल तितक्या वेळा ते सगळं साठवलं जातं, एकाखाली एक, घडी घालून ठेवलेल्या चादरींसारखं. प्रत्येक वेळचं गाणं म्हणजे एक टेक. मग आपण निवांत बसून पहिल्या टेकमधली ही ओळ, पाचव्यातली ती ओळ असं वेचून जोडायचं. एक धृपद छान जमलं तर तेच पुढे तीन ठिकाणी चिकटवायचं. आजकाल सगळे असंच करतात. मोठमोठे करतात. एका दमात गाणं म्हणणारा माणूस मला शेवटचा कधी भेटला ते आठवतही नाही.

अक्काचा पहिला टेक खोकल्यात गेला. मी म्हटलं, "परत." दुसराही गेला. तेव्हा ती माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावली.

"ह्या दोन पट्ट्या कसल्या?"

"तुम्ही दोनदा म्हणालात ना, त्या. ठेवल्यात."

"वाया गेलेल्या कशाला ठिवतोस?"

मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की वाया काही जात नसतं, यातलं जे चांगलं ते नंतर वापरायचं. तिचा चेहरा बदलत गेला आणि मी मूर्खासारखा बोलतच राहिलो. माझं झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजे छाट."

बिडीच्या कारखान्यात तयार बिड्या चेकर तपासून घेतो. ढिली, वाकडी, तोंड नीट न मुडपलेली बिडी तो बाजूला काढतो. ती छाट. वळणाऱ्या बाईच्या नावावर ती धरत नाहीत. पण अक्काचं म्हणणं, ती कधी कुणी फेकतानाही दिसायची नाही. जायची कुठे? लग्न होऊन नव्यानेच कामाला लागलेल्या अक्काने एक दिवस चेकरपुढे तळवा पसरला. माझी बिडी वाईट हाय ना? मग माझ्यासमोर मोड, न्हायतर माघारी दे. वाईट म्हनून माझ्याकडनं काढून घ्यायची आन चांगली म्हनून दुसऱ्याला द्यायची, हे चालनार न्हाय. चेकर हसला. तिने त्याच्या पुढ्यातला ढीग ओंजळीत घेतला आणि त्याच्या टेबलावर चुरडून टाकला. पंधरा दिवस तिला पान, म्हणजे काम, मिळालं नाही. पण त्यानंतर तिची छाट तिच्यासमोर मोडली जायची.

हे सांगून झाल्यावर तिने पडद्याकडे बोट केलं. "मोड."

मी मोडलं. डिलीट म्हणजे काय ते तिला दाखवलं. दोन्ही पट्ट्या गेल्या, तेव्हाच ती पुन्हा गायला बसली.

पुढे रोज हेच. अर्धं गाणं, खोकला, "मोड." कधी पाऊण गाणं, खोकला, "मोड." त्यात लक्ष्मीने कुठूनशी बातमी आणली, की मोबाईलमधले काढून टाकलेले फोटो आत एका डब्यात जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी अक्का आल्या आल्या म्हणाली, "डबा दाखव." मग तो डबाही रोज तिच्यासमोर रिकामा करायचा. इकडे घामाने माझा शर्ट पाठीला चिकटलेला, दोन वाजायला आलेले, खाली माग सुरू व्हायच्या बेतात, आणि मी एका बिडीवालीला रिसायकल बिनची झडती देतोय.

मी हुज्जत घालून पाहिली. "अक्का, आत्ताचं धृपद लाखात एक होतं."

"त्यात खोकला व्हता."

"खोकला नंतर होता. आधीच्या ओळी तर चांगल्या होत्या?"

"बिडी अर्धी चांगली म्हनून चेकर घेतो व्हय?"

अडचण अशी होती, की खोकला नसलेला टेक तिच्याकडून निघणंच शक्य नव्हतं. हे मला आठवड्याभरात कळलं. खोकला बहुतेक वेळा एकाच जागी यायचा. "विसरले मी" इथपर्यंत ओळ लांबत जाते, छातीतला वारा संपतो, आणि "नाव" म्हणायच्या आधी ती खोकते. दर वेळी. ओळ तोडायची नाही म्हणून खोकून झाल्यावर "नाव" म्हणतेच, मग "अय्यो" म्हणते, घोटभर पाणी पिते, आणि "मळ्ळी" म्हणते. मळ्ळी म्हणजे पुन्हा. असं मळ्ळी मळ्ळी करत ती गाणं गमावून बसणार हे मला दिसत होतं. तिला ते मान्य नव्हतं.

म्हणून मी खोटं बोललो. सरळच सांगतो. प्रत्येक टेकची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये आपोआप जाईल अशी सोय केली आणि तिच्यासमोर डबा रिकामा करत राहिलो. ती समाधानाने मान हलवायची. मला वाटे, शेवटी गाणं हातात पडलं की हिलाच आनंद होईल. दुसऱ्याचं भलं आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, असं वाटणारा मी काही पहिला नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या फोल्डरमध्ये चौसष्ट टेक जमले. मग ती आजारी पडली आणि आठ दिवस आली नाही. तेवढ्यात मी गाणं जुळवलं. ही ओळ इथली, तो अंतरा तिथला. "विसरले मी" एका टेकचं, आणि त्याला लगेच जोडून "नाव" एका मंगळवारचं, कारण त्या दिवशी खोकून झाल्यावरही तिचा आवाज चांदीसारखा लागला होता. मधला खोकला काढला, मोकळी जागा मिटवली. ते एक धृपद चारही ठिकाणी चिकटवलं. कुठे सांधा दिसत नव्हता. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात स्वच्छ काम होतं, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

अक्का आली ती लक्ष्मीबरोबर, भिंतीला धरून जिना चढत. मी हेडफोन लावला. तिने डोळे मिटले. मांडीवर सूप नव्हतं, तरी बोटं पान वळत होती. गाणं संपलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "खोकला न्हाय," एवढंच म्हणाली. मग, "मळ्ळी."

मी पुन्हा लावलं. पहिलं धृपद गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला तिची बोटं थांबली.

"थांबव. हितं पान फाटलं."

मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. आवाज वाढवून ऐकलं. "नाव" या शब्दाखाली, मुंगीएवढा, टर्र असा आवाज होता.

"पान फाटतंय की कधीतरी," मी म्हणालो.

"फाटतंय. पन एकच पान चार येळा कसं फाटंल?"

मी आवाज कमी केला.

"हे पान मंगळवारी फाटलं. ते तू माझ्यासमोर मोडलंस. डबा दाखवलास."

ती ओरडली असती तर मीही चार शब्द बोललो असतो. तीन आठवड्यांचा घाम साठला होता माझ्याकडे. पण ती अगदी हळू म्हणाली, "तू पन चेकरच निघालास, तम्मा."

मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं. ती माझीच खोली होती, त्यामुळे तेही जमलं नाही.

तिने तळवा पुढे केला. "मोड, न्हायतर माघारी दे."

"आता मोडून काय उपयोग? गाणं त्याच्यातूनच झालंय."

"मग माघारी दे."

लक्ष्मीजवळ एक पेन ड्राइव्ह होता. चौसष्टच्या चौसष्ट टेक त्यात भरून दिले. अक्का पडद्यासमोर उभी राहून ती हिरवी पट्टी शेवटपर्यंत सरकताना बघत होती. मग म्हणाली, आता तुझ्याकडचं मोड. मी कळवळून सांगितलं, "अक्का, एकदा हे गेलं की या गाण्यात काडीचाही बदल करता येणार नाही." ती म्हणाली, "बदलायचंय कुनाला?" मी मोडलं. या वेळी खरोखर.

जुळवलेलं गाणं मात्र ती घेईना. "ते तुझं. पान माझं, पन वळलंस तू." पेन ड्राइव्ह पदराच्या टोकाला बांधून, गाठ दोनदा ओढून बघून ती जिना उतरून गेली.

मी आठवडाभर धुमसत होतो. बायकोला म्हणालो, "कुणाचं भलं करायला जाऊ नये." ती म्हणाली, "खोटं कशाला बोललास मग?"

लक्ष्मीला मी दोन-तीनदा फोन केला. गाणं नीट करू, अक्काच्या मनासारखं करू, पुन्हा या म्हणून सांगितलं. "सर, अक्का वद्दु म्हनती," लक्ष्मी म्हणायची. वद्दु म्हणजे नको. दिवाळीनंतर तिचाच फोन आला. अक्का पहाटे गेली होती.

तेरावं झाल्यावर मी माझा चांगला स्पीकर घेऊन त्यांच्या बोळात गेलो. तिला खोकला नसलेलं गाणं हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतं. तिने घेतलं नाही म्हणून काय झालं? निदान बायांनी तरी ऐकावं. दुपारची वेळ होती. सावली धरून दहा-बारा जणी ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप. मध्ये एक जागा मोकळी होती. लक्ष्मीने मला पाट दिला.

मी गाणं लावलं. बायांनी हात थांबवून, मान खाली घालून ऐकलं. हात थांबले तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गाणं संपलं. लक्ष्मी म्हणाली, "लई गोड हाय, सर." बाकीच्यांनी पुन्हा पानं हातात घेतली. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "हाताला लागंना."

"म्हणजे?"

"'मी' झालं की दोरा गुंडाळायचा. तू येळच देत न्हायस. लगेच 'नाव'."

"तिथे खोकला होता हो! तो काढलाय. अक्कालाच नको होता."

"व्हय की," म्हातारी म्हणाली. "पन दोरा कवा गुंडाळायचा?"

लक्ष्मीने उठून घरातला छोटा स्पीकर आणला. त्याच्या पाठीत तो पेन ड्राइव्ह होताच. अक्का जाईपर्यंत रोज हेच वाजत होतं, ती म्हणाली, आणि अक्का इथंच बसून ऐकायची. पोरींनो, छाट हाय माझी, म्हणायची, पण बंद करू द्यायची नाही. बटण दाबलं आणि पहिला टेक सुरू झाला. सळसळ, कात्री, गाणं, खोकला, "नाव", "अय्यो." आणि मग माझा आवाज, त्रासलेला: "अक्का, पदर माईकला लागतोय. परत." सगळ्या बाया हसल्या. पुढच्या टेकला तर त्यांनी माझ्या आधीच म्हटलं, "परत!" अगदी माझ्याच सुरात, कपाळाला हात लावून. माझं प्रत्येक वैतागणं त्या बोळाला तोंडपाठ होतं. मी पाटावर मान खाली घालून बसलो.

चार-पाच टेक झाले आणि स्पीकरची बॅटरी संपली. कुणी उठलं नाही. हात चालू होते, तसं गाणंही चालू राहिलं.

"पान वळता वळता बाई, विसरले मी..."

आणि सगळ्या एकदम थांबल्या. बारा दोरे बारा बिड्यांवर गुंडाळले गेले. एक खोकला होऊन जाईल एवढा वेळ त्या बोळात कुणी काही बोललं नाही.

मग त्या म्हणाल्या, "नाव."